एकाच कॅसेटमधली दुसरी नवरी

१९९७च्या जुलैत, एका रविवारी दुपारी, सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या आमच्या गल्लीत केबलवर एका लग्नाची कॅसेट दाखवली गेली. लग्न गल्लीतल्याच एका लूम कारागिराच्या थोरल्या मुलीचं होतं. ते मे महिन्यात खानदेशात, चोपड्याकडच्या एका गावी लागलं होतं. कॅसेटच्या उत्तरार्धात त्याच मांडवात दुसरी नवरी उभी राहिली. ती कारागिराची धाकटी मुलगी होती. ती सातवीत शिकत होती आणि त्या वेळी ती टीव्हीसमोर मैत्रिणींमध्ये बसून स्वतःला बघत होती.

मी त्या खोलीत होतो. तेव्हा मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत असे आणि त्या गल्लीत भाड्याने राहत असे. स्वतः पाहिलेलं आणि नंतर त्या घरातल्या माणसांकडून कळलेलं, एवढंच इथे आहे.

गल्लीत बहुतेक घरं खानदेशी होती. काही मराठवाड्यातली, मी त्यांपैकीच. पुरुष लूमवर, बायका घरी साड्यांना टिकल्या लावायच्या कामाला. टीव्ही बऱ्याच घरांत आला होता, व्हीसीआर कुणाकडेच नव्हता. केबलवाल्याकडे होता. चौकातल्या शिंप्याच्या दुकानावर त्याची एक खोली होती. तिथून तो आमच्या भागापुरतं एक चॅनल चालवायचा. रोज रात्री एक सिनेमा, सकाळी आरत्या, मुलांच्या वाढदिवसाचे फोटो. रविवारी दुपारी लग्नं.

ही लग्नांची पद्धत कुणी सुरू केली ते मला सांगता येणार नाही. मी राहायला आलो तेव्हा ती रुळलेली होती. मे महिन्यात सगळे गावाकडे जाऊन लग्नं उरकून यायचे, कॅसेट मागून यायची, आणि ती घरात बघायची सोय नसल्यामुळे केबलवाल्याला दिली जायची. म्हणजे आपल्या घरच्या लग्नाची फिल्म घरचे लोक पहिल्यांदा बघायचे ते सगळ्या भागाबरोबर. याचं कुणाला काही वाटत नसे. उलट, ज्यांची कॅसेट लागली नाही त्यांच्या लग्नात काहीतरी कमी होतं असं मानलं जाई.

आमच्या गल्लीचा हा मुख्य छंद होता. क्रिकेट पोरांचं, गाण्यांच्या कॅसेटी कारागिरांच्या, लग्न सगळ्यांचं. बायका मिक्सिंगमधल्या जाणकार झाल्या होत्या. नवरीचा चेहरा कमळात उमलला की ते जुनं समजायचं. फुलपाखराच्या पंखांवर नवरा-नवरी आले की बरं. चंद्रातून नवरीनं खाली बघितलं तर व्हिडिओवाला धुळ्याचा असणार, आणि विमान आलं तर नाशिकचा. घरमालकीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तिचा शब्द यात शेवटचा असे. तिच्याकडे रंगीत टीव्ही होता, आणि खोली मोठी होती.

त्या रविवारी अक्काच्या खोलीत दाराबाहेरपर्यंत माणसं होती. मुलीच्या आईनं परातीत शेव-मुरमुरे कालवून आणले होते. मुलीचे वडील उंबऱ्याशी उभे होते. ते कधी बसत नसत, लूमवर पाळी करून उभं राहायची सवय. थोरली मुलगी सासरी होती. धाकटी पुढे, जमिनीवर, शाळेतल्या तिघी-चौघींबरोबर.

हळद, वरात, बँड, सगळं झालं. नवऱ्याचा एक काका प्रत्येक दृश्यात कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होता. अक्का म्हणाली, लग्न याचंच दिसतं, पोराला उगाच बाशिंग बांधलंय. लोक हसले. मंगलाष्टका झाल्या, थोरलीचा चेहरा कमळात न येता चंद्रात आला, तेव्हा आईनं खोलीभर नजर फिरवली आणि पदर सारखा केला. पाठवणीच्या गाण्यावर दोघी-तिघी रडल्या. पडद्यावर दोन हात जोडलेले आले. माणसं उठायला लागली.

हातांच्या मागून पुन्हा तोच मांडव आला. आधी वाटलं टेप मागे गेली. मग दिसलं की अंतरपाटाच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलीला पाटावर चढवलं आहे, कारण ती पलीकडच्या मुलाच्या खांद्याला लागत नव्हती. बाशिंग तिच्या कपाळापेक्षा मोठं होतं आणि मागून एका बाईनं ते धरून ठेवलं होतं. मुलालाही मिसरूड नव्हतं. तो थोरलीच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, हे नंतर कळलं. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत होती, जशी शाळेच्या फोटोत बघतात.

पुढे बसलेल्या मैत्रिणींपैकी एक वळून म्हणाली, "अगं, ही तूच ना?"

धाकटी पडद्याकडेच बघत राहिली. तिच्या हातात मुरमुरे होते.

आईनं उठून टीव्ही बंद केला. त्यानंतर जे झालं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. टीव्ही बंद झाला, पण मंगलाष्टका थांबल्या नाहीत. शेजारच्या घरातून त्या येत होत्या, समोरच्या घरातून येत होत्या, गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक उघड्या दारातून तेच लग्न लागत होतं. वडील उंबऱ्यावरून चौकाकडे धावले. केबलवाल्याच्या खोलीला कुलूप होतं. कॅसेट लावून तो कुणाच्या तरी गच्चीवर तुटलेली वायर जोडायला गेला होता. वडिलांनी कुलूप ओढलं, दार ठोकलं. खाली शिंपी म्हणाला, "काका, संपेल आता, कशाला तोडता?" फिल्म शेवटपर्यंत चालली.

संध्याकाळी वडील माझ्या खोलीवर आले. पेपरात छापून येईल का, हे त्यांना विचारायचं होतं. मी नाही म्हटल्यावर ते खाटेवर बसले आणि सांगू लागले.

थोरलीची सोयरीक जमली तेव्हा व्याह्यांनी धाकट्या मुलासाठी धाकटीला मागितलं. एकच मांडव, एकच पंगत, दोघी बहिणी एका घरात. अशी लग्नं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. मुलगी दहावी होईपर्यंत माहेरीच राहील, असं त्यांनी व्याह्यांकडून कबूल करून घेतलं होतं. पत्रिकेत एकाच नवरीचं नाव छापलं, कारण मुलीचं वय अठरा लागतं हे दोन्ही घरांना नीट ठाऊक होतं. सुरतेत परतल्यावर धाकटीचं मंगळसूत्र आईनं काढून पेटीत ठेवलं आणि जूनमध्ये ती दोन वेण्या घालून शाळेत गेली. व्हिडिओवाल्याला दुसऱ्या लग्नाची कॅसेट वेगळी करायला सांगितलं होतं. त्यानं जागा उरली म्हणून एकातच बसवलं.

"देखाले कुठे मिळनी, भाऊ," ते म्हणाले. "आम्ही बी आजच पहिल्यांदा देखी."

त्या आठवड्यात आमच्या डेस्कवर केबल टीव्हीमुळे संस्कृती बिघडते या विषयावरच्या पत्रांची रास होती. परदेशी चॅनलांवरचे कपडे, मुलांच्या तोंडी आलेली गाणी, सुनांच्या बदललेल्या मागण्या. गावोगावी परिसंवाद होत होते आणि वक्ते तेच तेच बोलत होते. ती पत्रं निवडून, कापून, पानात बसवणं माझं काम होतं. मी ते केलं.

मला धक्का बसला होता, आणि गल्लीलाही बसला असणार असं मी धरून चाललो होतो. सोमवारी सकाळी बायका त्या घरी जाताना दिसल्या. कुणी जाब विचारायला जात असेल, असं मला वाटलं. त्यांच्या हातात नारळ आणि खण होते. त्या धाकटीची ओटी भरायला निघाल्या होत्या.

गल्लीलाही धक्का बसला होता, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा. लग्न झालं आणि सांगितलं नाही, याचा. एकीनं द्यायच्या राहून गेलेल्या आहेराचं कापड आणलं होतं. अक्का, जी कालपर्यंत त्या घरचीच असल्यासारखी वागायची, ती आईला म्हणाली की आम्ही काय पोर पळवून नेणार होतो? मग तिनं पेटी उघडायला लावली आणि मंगळसूत्र स्वतःच्या हातानं धाकटीच्या गळ्यात घातलं. लग्न झालेल्या मुलीचा गळा मोकळा ठेवणं बरं नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. जाता जाता कॅसेटवर चर्चाही झाली. दुसऱ्या भागातलं मिक्सिंग जास्त चांगलं होतं, असं ठरलं.

वयाबद्दल कुणी काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. दोन-तीन घरांत मी मुद्दाम विषय काढून पाहिला. उत्तरं सौम्य होती. लहान आहे खरी, पण बहीण आहे ना तिथे. एकानं मला उलट विचारलं, तुमच्याकडे परभणीला होत नाही का? होत होतं. मी तसं सांगितलं.

मंगळवारी तिच्या वर्गशिक्षिका आल्या. त्या विदर्भातल्या, मराठी शाळेत नोकरीला, राहायला दूर. त्यांच्याकडे केबल नव्हतं. सोमवारी मधल्या सुट्टीत मुली पटांगणात लग्न-लग्न खेळत होत्या आणि नवरीला विटेवर उभं करत होत्या. विटेवर का, हे बाईंनी विचारलं तेव्हा त्यांना सगळं समजलं.

बाईंच्या सांगण्यावरून अक्का आणि मी त्या वेळी तिथे बसलो. बाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. कायद्याचं नाव त्यांनी एकदाच काढलं, आणि वडिलांनी मान खाली घातल्यावर पुन्हा काढलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, की मुलगी दहावीपर्यंत शाळेत राहणार की नाही. वडील म्हणाले, तसं बोलणं झालंय. बाई म्हणाल्या, बोलणं झालं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

मग त्यांनी धाकटीला जवळ बोलावून विचारलं, तुला काय वाटतं. ती गळ्यातले काळे मणी फिरवत होती. "बाई, हे घालून वर्गात बसू देतात का?" तिनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "मी बसू देईन."

बाई गेल्यावर अक्का मला म्हणाली, शिकलेल्या बाईला आमचं काय कळणार. पण ती हेही म्हणाली की पोरीला विचारलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंचा अंदाज बरोबर होता. सुरतेबाहेर कडोदऱ्याला आमच्या केबलवाल्याचाच एक भागीदार होता आणि चांगली चाललेली कॅसेट तिकडेही लागायची. तिथे व्याह्यांच्या गावची माणसं कामाला होती. त्यांनी पाहिलं, गावी कळवलं. महिना संपायच्या आत व्याही सुरतेत आले. पांढरी टोपी, बारीक आवाज, हातात केळ्यांचा घड. ते भांडायला आले नव्हते. कॅसेट त्यांना स्वतःला बघायला मिळाली नव्हती. ती घेऊन जायची होती, आणि सुनेला.

हे बोलणं मी दारात उभं राहून ऐकलं. गल्लीतले बरेच जण ऐकत होते. व्याही म्हणाले:

"इवाई, आतेपावत झाकी ठेवं ते ठीक व्हतं. आते सगळासले म्हाईत पडी गयं. आते कोनपशी लपाडानं?"

सगळ्यांना कळलंय, आता लपवायचं कुणापासून, असा त्यांचा सवाल होता. तोपर्यंत मला वाटत होतं की लग्न लपवून ठेवणं हा त्या मुलीवर झालेला आणखी एक अन्याय आहे. ती लपलेली होती म्हणूनच शाळेत होती, हे त्या वाक्यानं स्पष्ट झालं.

व्याह्यांनी पुढे कारण दिलं ते कानबाईचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई ही देवी बसते आणि तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट होतात. ते रोट त्या कुळातल्या माणसांनीच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. नवी सून त्या दिवशी घरात हवी आणि रोट तिच्या तोंडात पडायला हवा. एकदा तो खाल्ला की ती पक्की त्या घरची. दोन सुना असताना एकीचा रोट ठेवायचा कुठे, असं त्यांचं म्हणणं. कानबाई झाली की आणून सोडतो, असंही ते म्हणाले. गल्लीतल्या कुणालाही यात गैर वाटलं नाही. बायका आपसांत मात्र वेगळं बोलल्या. रोट खाल्ल्यावर परत कोण पाठवतं, असं अक्काच म्हणाली, चुलीकडे तोंड करून.

आई व्याह्यांना म्हणाली की पोरीची चाचणी परीक्षा आहे. व्याही म्हणाले, तिथेही शाळा आहे. आईनं विचारलं, जाऊ द्याल का तिला? ते हसले आणि केळी तिच्या पुढे सरकवली.

धाकटी गेली. जाताना तिच्या मैत्रिणी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. दप्तर घेऊ का, असं तिनं आईला विचारलं. आईनं घे म्हटलं, वडिलांनी राहू दे म्हटलं. दप्तर राहिलं. बाई दुसऱ्या दिवशी येऊन गेल्या. त्यांना अक्कानं पाणी दिलं, आणि कानबाईपर्यंत थांबा, एवढंच म्हणाली.

यानंतरचा गावाकडचा भाग मी पाहिलेला नाही. थोरलीनं आईला सांगितला आणि आईनं अक्काला. सासरी धाकटीचं कौतुक चाललं होतं. शेजारणी बघायला येत होत्या. शाळेचं नाव थोरलीनं काढलं तेव्हा सासूनं सांगितलं की ती आता जायची नाही, तुझ्या वडिलांना तसं कळवू. थोरलीनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वडिलांपुढे मी काय बोलू. हळदीच्या दिवशी सकाळी धाकटीला कोपऱ्यात घेऊन, घाबरू नको, मी त्याच घरात आहे, असं थोरलीनंच तिला सांगितलं होतं.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरातल्या बायका रोटासाठीचे गहू दळत होत्या. थोरली धाकटीला घेऊन नदीवर धुणं धुवायला म्हणून निघाली. धुणं वाटेत एका घरी ठेवलं. अमळनेरला गाडी धरली आणि संध्याकाळी दोघी सुरतेत उधन्याला उतरल्या.

त्या गल्लीत शिरल्या तेव्हा केबलवर सिनेमा सुरू होता आणि बहुतेक जण घरात होते. मी ओट्यावर होतो. थोरलीच्या डोक्यावर पदर होता, हातात काही नव्हतं. धाकटीच्या पायात मोठ्या मापाच्या चपला होत्या. वडील बाहेर आले. आधी त्यांनी रस्त्याकडे बघितलं, त्यांच्यामागून कुणी येतंय का म्हणून.

"कोनलेच नही लयेल," थोरली म्हणाली. "मी हिले लई उनू. आते काय बोलानं ते माले बोला."

वडील तिलाच बोलले. उद्या रोट आहे, देवीचा अपमान झाला, तुझ्या घरात तू नाहीस, हिचं जाऊ दे पण तुझं काय होईल. हे सगळं त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि प्रत्येक वेळी ती म्हणाली, म्हाईत शे. आईनं दोघींना आत घेतलं.

गल्लीचं मत थोरलीच्या विरुद्ध गेलं. धाकटीला कुणी दोष दिला नाही. लहान आहे, असं म्हटलं गेलं. हा शब्द पुढे ‘पण’ न लावता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रोटाच्या आदल्या दिवशी सुनेनं घर सोडणं मात्र कुणाला पटलं नाही. अक्कानं दोन दिवस त्या घराशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनं थोरलीला टिकल्यांच्या कामाला बसवून घेतलं आणि कुणी काही बोललं तर स्वतःच उत्तरं दिली. एक बाई म्हणाली, सासर सोडून आलेलीला काम देता. अक्का म्हणाली, तुला दिलं तेव्हा तू कुठून आली होतीस?

वडील एकदा गावी जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थोरलीचा नवरा आला नाही. कामरेजला त्याचा एक मामा होता. त्याच्याकरवी निरोप आला की धाकटीला आणून सोडलं तर थोरलीला नांदवू. थोरलीनं निरोप आणणाऱ्याला चहा दिला. उत्तर आईनं दिलं. नाही म्हणून सांगा, असं ती म्हणाली. तिला असं उत्तर देताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि वडिलांनीही बहुधा पहिल्यांदाच.

गणपती बसायच्या आधी, एका कामाच्या दिवशी सकाळी, चोपड्याकडून निघालेला एक टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. त्यात लग्नात दिलेलं लोखंडी कपाट होतं, पलंग होता, पितळेची भांडी होती आणि थोरलीच्या साड्यांची पेटी होती. बरोबर कुणी आलं नव्हतं, फक्त ड्रायव्हर. वडील पाळीवर होते. कपाट अरुंद दारातून आत जाईना, म्हणून ते ओट्यावरच ठेवलं. भांडी थोरलीनं स्वतः उतरवून घेतली. धाकटी शाळेत होती.